अंगणातली पंधरा माणसं

सानगडीच्या आमच्या अंगणात बडे अब्बा कोसळले, तेव्हा तिथे पंधरा तरी माणसं होती. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा हुंगवला, कुणी तळपाय चोळले. मी, घरातला बी.एड. झालेला मास्तर, साकोलीला न्यायला गाडी शोधत गल्लीत पळालो. मध्येच ते आचका द्यायचे आणि चाची म्हणायच्या, "सांस चालू आहे!" दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

मौत अल्लाहच्या हातात आहे, असं म्हणून आम्ही मिट्टी दिली. ते खरंच आहे. पण आमच्या हातात काय होतं, हे मला पुढे शिक्षकांच्या एका शिबिरात कळलं.

डॉक्टरांनी रबरी पुतळा जमिनीवर ठेवला. माणूस हाकेला उत्तर देत नाही, श्वास नीट नाही, तर हृदय बंद पडलं असं समजा. आचके म्हणजे श्वास नव्हे. हे ऐकलं आणि मला अंगण आठवलं.

छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायचं. 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत माझे हात भरून आले. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, पण दाबणं थांबवायचं नाही. मला नमाज आठवली. इमामसाहेबांचा वुजू तुटला तर मागचा पुढे होतो, जमात चालूच राहते.

मोठ्या दवाखान्यातही हेच, फक्त माणसं जास्त. एक छातीवर, एक श्वासाच्या पिशवीवर, एक शॉकच्या मशीनवर, एक सुई-औषधाला, एक घड्याळ बघून लिहायला. म्होरक्या मात्र कशाला हात न लावता सगळ्यांवर नजर ठेवतो. तो नाव घेऊन काम सांगतो. ऐकणारा ते मोठ्याने परत म्हणतो. ही सवय सरावानेच लागते.

12 जून 2021 रोजी कोपनहेगनच्या मैदानात फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला. तिथे मशीन होतं आणि ते चालवणारी तयार माणसंही होती. तो वाचला, पुन्हा खेळला. हे एईडी मशीन स्वतः बोलून सूचना देतं आणि गरज असेल तरच शॉक देतं. पण कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हेच माहीत नसेल, तर त्याचा काय उपयोग?

लग्नात देगेवर कोण, दस्तरखानावर कोण, हे आपण आधी ठरवतो. त्या दिवशी अंगणात काहीच ठरलेलं नव्हतं. आता आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवर चार नावं आहेत: 108 ला फोन, छातीवर पहिला, छातीवर दुसरा, फाटकावर गाडीची वाट बघणारा. मशीन अजून नाही, मागणी चालू आहे.

तुमच्या मोहल्ल्यातही एका जुम्याला नमाजनंतर अर्धा तास काढा, शिकवणाऱ्याला बोलवा. पंधरा माणसं तर आपल्याकडे असतातच.