पंपापायी मशीन भंगारात

कपडे धुऊन झाले, पण पाणी बाहेर जात नाही. स्पिन सुरू होत नाही, काचेच्या दाराआड साबणाचं गढूळ पाणी तसंच उभं राहतं आणि पाणी आत असेपर्यंत दाराचं लॉकही सुटत नाही. वॉशिंग मशीनच्या बिघाडांमध्ये यापेक्षा साधे बिघाड फार थोडे. तरीही व्हिएन्नासारख्या श्रीमंत शहरात त्यावर सहज मिळणारा सल्ला असतो, ‘मशीन जुनं झालंय, नवीन घ्या.’ कोल्हापुरातही हा सल्ला आता परका राहिलेला नाही. म्हणून व्हिएन्नात राहणारा कोल्हापूरकर या नात्याने एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. दुरुस्ती ही नळाच्या पाण्यासारखी शहराची सोय आहे. ती एकदा गेली की परत आणायला सरकारी तिजोरीतून पैसे मोजावे लागतात. व्हिएन्ना ते मोजते आहे. कोल्हापुरात ती सोय अजून जिवंत आहे, पण तिचा पाया स्वस्त मजुरी हा आहे आणि तो पाया टिकणारा नाही. ती आतापासूनच ज्ञानावर आणि सुट्या भागांवर उभी करायला हवी.

आधी बिघाडच नीट पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. समोरून दार असलेल्या फ्रंट लोड मशीनमध्ये पाणी बाहेर फेकायला तळाशी छोटा पंप असतो. त्याच्या आधी एक फिल्टर असतो, मशीनच्या खालच्या कोपऱ्यातल्या झाकणामागे. नाणी, केसांच्या पिना, बटणं, धाग्यांचे पुंजके तिथे अडकतात. फिल्टर गच्च भरला की पाणी अडतं. फिल्टर साफ असेल तर दुसरा संशय ड्रेन पाइपवर: तो मशीनमागे दबलेला असतो, वळलेला असतो किंवा बेसिनखाली जिथे जोडला आहे तिथे साबणाच्या चिकट्याने बुजलेला असतो. त्यानंतर पंपाचा पंखा येतो. त्यात पिन किंवा दोरा अडकला की मोटर नुसती घुरघुरते. पंप खरंच जळलेला असणं किंवा पीसीबी, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेलेला असणं ही यादीतली शेवटची नावं. कोल्हापुरात अनेक घरांत दिसणाऱ्या सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये तर बहुधा पंपही नसतो. बटण फिरवलं की झडप उघडते आणि पाणी उताराने मोरीत जातं. तिथे पाइपाचं तोंड टबापेक्षा वर राहिलं तरी पाणी अडतं, मग मशीन कितीही नवं असो. वरून कपडे टाकायच्या फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये झडप ओढणारी ड्रेन मोटर असते. ती बदलणं हे मेकॅनिकचं नेहमीचं काम आहे. म्हणजे तिन्ही प्रकारांत आधी तपासायच्या जागा स्वस्त आहेत, हाताशी आहेत आणि त्यांतल्या निम्म्या घरच्या माणसाला स्वतः पाहता येतात.

मग व्हिएन्नात मशीन भंगारात का जातं? कारण हिशेबात आहे. इथे कुशल माणसाचा तास महाग आहे, आणि तो तसा असणं मला योग्यच वाटतं. मेकॅनिकने घरी येऊन नुसतं पाहायचे सहज शंभर युरो होतात. त्यात पंप आणि मजुरी मिळवली की आकडा नव्या स्वस्त मशीनच्या किमतीच्या निम्म्यावर जातो. यंत्र कारखान्यात, बहुधा दुसऱ्या देशात, हजारोंच्या संख्येने बनतं आणि दुरुस्ती मात्र एका घरात, एका माणसाच्या हाताने होते. त्यामुळे यंत्र स्वस्त होत जातं आणि दुरुस्ती महाग. यात कुणी वाईट वागलेलं नाही. तरीही परिणाम असा की किलोभराच्याही आतल्या पंपासाठी सत्तर किलोच्या आसपासचं मशीन टाकलं जातं, आणि त्या वजनातला मोठा वाटा तोल सांभाळणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा असतो, ज्यातून भंगारवाल्यालाही काही मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला. टाकलेल्या मशीनचं पुढे चांगलंच होतं, असं समाधान करून घ्यायला त्यामुळे फारशी जागा उरत नाही.

व्हिएन्नाचा इतिहास असा नव्हता, म्हणून त्याचं उदाहरण महत्त्वाचं. १९३० साली पूर्ण झालेली कार्ल मार्क्स हॉफ ही किलोमीटरभर लांबीची कामगारवस्ती उभी राहिली, तेव्हा तिथल्या तेराशेहून अधिक घरांसाठी मोठी सामाईक धुलाईघरं बांधली होती. घरटी धुण्याचा वार ठरलेला असे आणि यंत्रांची देखरेख करायला माणूस नेमलेला असे. आज त्यांपैकी एका धुलाईघरात त्या काळाचं छोटं संग्रहालय आहे. सामाईक यंत्र बंद पडलं की ते दुरुस्त होणं भागच होतं. पुढे प्रत्येक घरात स्वतःचं मशीन आलं. बाईच्या कष्टांच्या दृष्टीने ती मोठी सुटका होती, तिच्याविरुद्ध माझं काहीच म्हणणं नाही. पण यंत्र घरोघर गेलं तशी देखरेख मात्र घरोघर गेली नाही. ही पोकळी भरायला १९९८ साली इथे एक दुरुस्ती केंद्र सुरू झालं; दीर्घकाळ बेकार असलेल्यांना हाताशी धरून त्याने वॉशिंग मशीन दुरुस्तीचं काम उभं केलं. पाठोपाठ शहरातल्या दुरुस्ती करणाऱ्या दुकानांचं जाळं बांधलं गेलं. २०२० साली महापालिकेने दुरुस्तीचा निम्मा खर्च, शंभर युरोंपर्यंत, उचलणारी कुपनं काढली. २०२२ साली ऑस्ट्रिया सरकारने विजेच्या उपकरणांसाठी हीच मदत दोनशे युरोंपर्यंत नेली. जी गोष्ट पूर्वी वस्तीत आपसूक होती, ती आता करदात्यांच्या पैशातून विकत घ्यावी लागते आहे.

या बाबतीत कोल्हापूर पुढे आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो. या शहराने यंत्र उघडायची भीती फार लवकर सोडली. बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी १९१८च्या सुमारास कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा बनवला. पुढे उसाच्या शेतीला लागणारी ऑइल इंजिनं आणि पंप, त्यांचे सुटे भाग, त्यांची डागडुजी यांच्या भोवती शिवाजी उद्यमनगर वाढलं. मग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती आल्या आणि तिथल्या फाउंड्र्यांची कास्टिंग देशभरच्या मोटारी-ट्रॅक्टरांत गेली. इचलकरंजीचे माग चालतात तेही जागेवर दुरुस्ती होते म्हणून. अशा जिल्ह्यात मोटर रिवायंडिंग करणारा, बुश टर्न करून देणारा, सील आणि बेअरिंग माप घेऊन शोधून देणारा माणूस कुठल्या ना कुठल्या गल्लीत भेटतो. वॉशिंग मशीनचा मेकॅनिक याच परंपरेतला आहे. तो पाइप काढून फुंकून बघतो, पंखा बोटाने फिरवून बघतो आणि मगच पंप बदलायचं बोलतो. व्हिएन्नाला जे कुपनं वाटून उभं करावं लागलं, ते कोल्हापुरात मागणीतून उभं राहिलं आहे.

यावर पहिला आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: कोल्हापुरात दुरुस्ती टिकली ती परंपरेमुळे नव्हे, मेकॅनिकला कमी पैसे मिळतात म्हणून. हे बरंचसं खरं आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मेकॅनिकच्या मुलाला त्याच कामात यावंसं वाटत नसेल, तर त्याचं कारणही तेच. पण यातून दुरुस्तीचा नाद सोडावा असा निष्कर्ष निघत नाही. घाई करावी असा निघतो. मजुरी वाढेल, वाढायलाच हवी. त्या दिवशी कोल्हापूर व्हिएन्नाच्या जागी येऊन उभं राहील. तासाचा दर वाढल्यावर दुरुस्ती परवडायची असेल तर तास कमी लागले पाहिजेत. मेकॅनिकला बिघाडाचे संकेत वाचता आले पाहिजेत, मशीनचा नकाशा हाती असला पाहिजे आणि भाग त्याच दिवशी मिळाला पाहिजे. एका फेरीत होणारं काम तीन फेऱ्यांत होतं, तेव्हा गिऱ्हाइकाचा पैसा आणि मेकॅनिकचा दिवस दोन्ही वाया जातात.

दुसरा आक्षेप असा की जुनं मशीन जास्त वीज आणि पाणी खातं, मग ते कशाला जपायचं? युरोपात या प्रश्नाला थोडा अर्थ आहे, कारण इथे बहुतेक लोक गरम पाण्यात कपडे धुतात आणि मशीनची बरीचशी वीज पाणी तापवण्यात जाते. कोल्हापुरात धुणं बहुतेक थंड पाण्यातच होतं. तिथे नव्या मशीनने वाचणारी वीज थोडी आणि नवं मशीन घडवायला लागणारं पोलाद, तांबं, प्लास्टिक मात्र तेवढंच. पंधरा वर्षांचं, सगळ्या बाजूंनी थकलेलं मशीन ओढत राहा असं मी म्हणत नाही. चार-पाच वर्षांचं मशीन फिल्टरपायी किंवा पंपापायी जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या यंत्रात कुणीही हात घालू नये हे बरोबर. म्हणून हद्द आखून घ्यावी. प्लग काढून, पाणी गार होऊ देऊन, खाली परात आणि फडकं ठेवून फिल्टरचं झाकण हळूहळू सैल करणं आणि पाइप साफ करणं हे घरच्या माणसाचं काम. पंप, ड्रेन मोटर, पीसीबी हे शिकलेल्या माणसाचं. युरोपचा कायदाही जवळपास हीच रेघ ओढतो. १ मार्च २०२१पासून लागू असलेल्या नियमांनुसार वॉशिंग मशीनचं मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि मागणीनंतर कामाच्या पंधरा दिवसांत पोचले पाहिजेत. त्यातलं दार, रबरी सील, साबणाचा कप्पा हे कुणालाही. पंप, मोटर, पीसीबी हे व्यावसायिक मेकॅनिकना. २०२४ साली मंजूर झालेला दुरुस्तीच्या हक्काचा युरोपीय कायदा त्याच्याही पुढे जातो. ३१ जुलै २०२६पासून सदस्य देशांनी तो लागू करायचा आहे, आणि त्यानुसार वॉरंटी संपल्यावरही वाजवी दरात दुरुस्ती करून देणं उत्पादकावर बंधनकारक आहे.

भारताने ही वाट धरली आहे, पण अर्धीच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात घरगुती उपकरणांचा समावेश केला आणि डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीन आहे. तरीही पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि पंप दहा वर्षं मिळेल अशी कायद्याची हमी असणं वेगळं. ती हमी आपल्याकडे यायला हवी आणि ती फक्त कंपनीच्या अधिकृत सेंटरपुरती नको. उद्यमनगरातल्या स्वतंत्र मेकॅनिकलाही भाग आणि नकाशा मिळाला, तरच तिचा उपयोग.

कायदा येईपर्यंत कोल्हापूरने थांबायचं कारण नाही. कळंब्याच्या आयटीआयसारख्या संस्थांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी मिळून घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचा छोटा, प्रमाणपत्र देणारा अभ्यासक्रम चालवावा. महापालिकेने तपासलेल्या मेकॅनिकांची यादी करून ती नागरिकांसमोर ठेवावी. व्हिएन्नाच्या जाळ्याचा कणा तोच आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. आणि वाचकांना विनंती आहे. नवं मशीन घेताना सवलतीच्या आधी विचारा: याचा पंप कोल्हापुरात मिळतो का, किती वर्षं मिळेल, आणि बेअरिंग बदलायला टब उघडतो की तो जोडूनच बंद केलेला आहे? महिन्यातून एकदा फिल्टर साफ करा, धुण्याआधी खिसे तपासा. पाणी अडलंच तर आधी पाइप पाहा, मग मेकॅनिकला बोलवा, आणि त्याने फक्त तपासून ‘काही बदलायला नको’ असं सांगितलं तरी त्याच्या वेळेचे पैसे पुरते द्या. असा खरं सांगणारा मेकॅनिक टिकला, तरच दुरुस्ती टिकेल.