बंगळुरूच्या हिरवळीवर एका फटक्याची किंमत

बंगळुरू म्हटलं की ट्रॅफिक, फिल्टर कॉफी आणि आयटी पार्क आठवतात. पण या शहराला गोल्फची ओढ फार जुनी आहे. हाय ग्राउंड्स भागातला बंगलोर गोल्फ क्लब १८७६ सालचा. देशात त्याहून जुना म्हणजे कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब, १८२९ चा.

दुसरं मोठं मैदान कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं, म्हणजे केजीएचं. ते जुन्या एचएएल विमानतळाजवळ आहे. १८ होल, पार ७२. आज हिरवळ दिसते तिथे पूर्वी चल्लघट्टा तलाव होता. तलाव गमावत वाढलेल्या या शहराची ती खूणही इथे आहे.

याच मैदानावर आदिती अशोक वयाच्या पाचव्या वर्षापासून खेळायला लागली. टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२१ ला तिने चार फेऱ्यांत २६९ फटके घेतले. कांस्यपदक जिंकणाऱ्या लिडिया कोचे होते २६८. एका फटक्याने पदक हुकलं! पुढच्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, पुण्यात जन्मलेला आणि बंगळुरूत घडलेला अनिर्बान लाहिरी अमेरिकेतल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये एकाच फटक्याने दुसरा आला.

इतक्या मोठ्या खेळाडूंना एक फटका इतका महाग पडतो. मग रविवारी हौसेने खेळणारे आपण तो सहज का उधळतो? बहुतेक वेळा ताकद कमी पडते म्हणून नाही, तर निर्णय चुकतो म्हणून. आदितीचंच बघा ना. टोकियोत तिचे ड्राइव्ह इतरांच्या मानाने आखूड होते. तिला तारलं ते पटिंगने आणि डोक्याने.

तुम्ही बंगळुरूला खेळायला जाणार असाल, तर या गोष्टी लक्षात ठेवा.

उंची आणि ऋतू बघा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, म्हणून चेंडू मुंबईपेक्षा थोडा लांब जातो. मुंबईच्या हिशेबाने क्लब निवडला तर चेंडू ग्रीनच्या मागे जाईल. पावसाळ्यात मात्र जमीन ओली असते, चेंडू पडल्यावर फारसा घरंगळत नाही आणि पश्चिमेचा वाराही जोरात असतो. तेव्हा हिशेब पुन्हा बदलतो.

झाडांतून वाट शोधू नका. चेंडू झाडांत गेला की दोन फांद्यांमधली फट फार मोठी वाटते. पार ४ च्या होलवर आधी आडवा फटका मारून फेअरवेवर या. तिसऱ्या फटक्यात ग्रीन, मग दोन पट, म्हणजे एकूण पाच. फटीतून मारायला जाऊन चेंडू खोडावर आदळला, तर सात-आठ व्हायला वेळ लागत नाही.

पाणी समोर असेल तर पल्ला खरा धरा. आयुष्यात एकदा लागलेला सर्वोत्तम फटका नव्हे, तर दहापैकी सात वेळा जमणारा फटका मोजा. तो पाण्यापलीकडे पोहोचत नसेल, तर अलीकडेच थांबा. पाण्यात गेलेला चेंडू दंडाचा एक फटका घेऊनच जातो.

झेंडा नव्हे, ग्रीनचा मध्य. झेंडा बंकरच्या मागे असेल तर तो मोह आहे असं समजा. मध्यावर मारलेला चेंडू थोडा इकडेतिकडे गेला, तरी बहुधा ग्रीनवरच राहतो.

कॅडीचं ऐका. रोज त्याच मैदानावर चालणाऱ्या माणसाला कुठला उतार कुठे नेतो ते ठाऊक असतं. "इथे ड्रायव्हर नको," असं तो म्हणाला, तर क्लब बॅगेत ठेवा.

दोन्ही क्लब सभासदांचे आहेत. त्यामुळे पाहुण्यांनी जाण्याआधी प्रवेशाची चौकशी करावी. शक्य असेल तर पहाटेची वेळ घ्या. ऊन कोवळं असतं आणि रस्तेही मोकळे.

आणि मुलांना सोबत नेलंत तर त्यांना स्कोअरकार्ड भरायला द्या. बाबांचा रागाने मारलेला फटका आणि आईने शांतपणे मारलेला फटका, दोन्ही कागदावर एकच मोजले जातात. फरक दिसतो तो शेवटच्या बेरजेत.