काचेच्या पेटीतलं बावखल

बुडबुडे आले! हायड्रिलाच्या मोडलेल्या टोकातून, एकामागोमाग एक, सरळ रेषेत वर, आणि तेही कुठल्या प्रयोगशाळेत नाही, विरारमध्ये, आमच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारच्या मत्स्यटाकीत! शाळेत हा प्रयोग सगळ्यांनी केलाय, म्हणजे बाईंनी केलाय आणि आपण मागच्या बाकावरून मान उंच करून पाहिलाय. चंचुपात्रात पाणवनस्पती, तिच्यावर उलटं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि नळीत साठलेल्या वायूत विझत आलेली काडी धरली की ती भप्पकन पेटते. आकृती काढायची, नावं द्यायची, गुण घ्यायचे, विसरून जायचं. त्या आकृतीतला प्राणवायू खरोखर असा डोळ्यांदेखत निघतो आणि त्याच पाण्यात गप्पी मासे मजेत फिरत असतात, हे मला आत्ता, या वयात दिसतंय. येईल त्याला मी हाताला धरून टाकीपुढे उभं करतेय. कुरियरवालाही सुटला नाही.

दुकानात मासे घ्यायला गेले तेव्हा झाडांचा विचार फक्त शोभेपुरता होता. भिंतभर प्लॅस्टिकची झाडं टांगलेली: गुलाबी, जांभळी, डोळ्यांत खुपणारी पोपटी. दुकानदार म्हणाला, “ताई, हीच न्या. सडत नाहीत, कापावी लागत नाहीत, मळली की नळाखाली धुवायची.” यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण कोपऱ्यातल्या टबात एक हिरवा गुंता तरंगत होता. विचारलं तर तो म्हणाला, “ते लाइव्ह आहे, ते मरतं.” आणि मला वाटलं, जे मरतं ते त्याआधी जगत असणारच की! उचलली हायड्रिलाची जुडी.

घरी येऊन वाचायला लागले आणि वाचतच सुटले. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. अमोनिया विषारी. पाण्यातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारी, आणि मग नायट्रेट, जे बरंच निरुपद्रवी. फिल्टरच्या स्पंजात हे जिवाणू वस्ती करतात, पण त्यांना जम बसवायला काही आठवडे लागतात, आणि नव्या टाकीतले मासे पटापट मरतात ते बहुतेक याच काळात. आता गंमत बघा: वाढत्या झाडाला नायट्रोजन हवाच असतो, आणि पाण्यातली बरीच झाडं तो आधी अमोनियमच्या रूपातच उचलतात. म्हणजे माशाचं विष हे झाडाचं जेवण! प्लॅस्टिकचं झाड काय करतं? उभं राहतं. त्याच्या पानांवर थोडे जिवाणू बसतात, हे मान्य, पण ते तर खडीवरही बसतात.

आणि हा शोध किती जुना आहे! १८५०च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने काचेच्या मोठ्या भांड्यात वाळू-माती घातली, दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरियाचं रोप लावलं. पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्याने गोगलगायी आणून टाकल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, पाणी निवळलं आणि पाणी न बदलता सगळं सुरळीत चाललं. घरगुती मत्स्यटाकीची कल्पना अशी झाडापासून सुरू झाली आणि आपण ती गुलाबी प्लॅस्टिकपर्यंत आणून ठेवली!

पण खरी उडालेच ती पुढे. ही व्हॅलिस्नेरिया आणि ही हायड्रिला, दोन्ही आपल्याकडच्या तळ्यांत, ओढ्यांत आपोआप उगवणाऱ्या! वसईच्या पश्चिमेला, गास, भुईगाव, निर्मळ, वाघोलीच्या बाजूला बावखलं आहेत, वाड्यांना गोडं पाणी पुरवण्यासाठी राखलेली तळी. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना केळी, पानवेली, फुलझाडं जगली ती पावसाचं पाणी धरून ठेवणाऱ्या या तळ्यांच्या जिवावर. आता कितीतरी बुजली, काहींवर इमारती आल्या. उरलेली वाचवायला गावकरी धडपडताहेत. आमच्या ओळखीचे एक काका त्याच बाजूच्या वाडीत वाढलेले. टाकी बघून पोट धरून हसले. “अगं, हे उपसायला आम्ही माणसं लावायचो, आणि तू पैसे मोजून आणलंस?” मग खुर्ची ओढून टाकीसमोर बसले आणि चहा थंड होईपर्यंत उठले नाहीत.

इथलं पाणीसुद्धा या झाडांच्या बाजूचं आहे. नळाचं येतं ते सूर्या प्रकल्पाचं. क्लोरिन उडून जायला ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की पुरतं. बोअरचं पाणी जड, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसवणारं. बरीच नाजूक झाडं अशा पाण्यात रुसतात, पण हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया त्या जडपणातल्या बायकार्बोनेटमधूनच कार्बन काढून घेऊ शकतात! गप्पींनाही जड पाणी मानवतं. डासांच्या अळ्या खायला विहिरी-डबक्यांत सोडतात ते हेच चिवट गप्पी. तेव्हा सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडा, खतांच्या बाटल्या आणा, असं कुणी सांगितलं तर खुशाल मान डोलवा आणि घरी या. ताकाशी आमानो या जपानी कलावंताने सजवलेल्या टाक्यांचे फोटो मीही बघते, आणि ते बघून जीव हरखतो, पण ती साधना आहे. आपल्याला डाळ-भात जमला तरी पुष्कळ.

दिवा सात-आठ तास, त्याहून जास्त नाही. टाकी पश्चिमेच्या उन्हात ठेवली तर शेवाळाचं राज्य येतं. आणलेली जुडी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ धुवायची, म्हणजे नको ते जीव आत येत नाहीत. (एक चिमुकली गोगलगाय तरीही आलीच. वॉरिंग्टनला स्मरून राहू दिली.) उजेड कमी असेल तर अनुबियास किंवा जावा फर्न घ्या, पण त्यांचं आडवं खोड खडीत पुरू नका, कुजतं, दगडाला दोऱ्याने बांधा, मुळं स्वतः पकड घेतात. रात्री झाडंही प्राणवायू वापरतात, म्हणून मासे फार कोंबू नका आणि एअर पंप अडगळीत टाकू नका.

मग प्लॅस्टिक अगदीच टाकाऊ का? नाही. मोठा गोल्डफिश कोवळी पानं कोथिंबिरीसारखी फस्त करतो, त्याच्यापुढे जिवंत झाड लावणं म्हणजे वाढून देणं. आजारी माशाला औषध देण्यासाठी वेगळी टाकी केली, तर आडोशाला प्लॅस्टिक उत्तम, काढलं, उकळत्या पाण्यातून काढलं, झालं. मात्र फायटर मासा असेल तर पानावरून बोट फिरवून बघा. कडा धारदार असली तर त्याचे लांब पर फाटतात. एवढं सोडलं तर माझं मत पक्कं आहे, आणि ते कुणी विचारलं नाही तरी मी सांगत सुटलेय.

हायड्रिला वाढते मात्र बेफाम. दर थोड्या दिवसांनी कापावी लागते आणि कापलेला भारा कुंडीत, कढीपत्त्याच्या बुडाशी जातो. तळ्यात किंवा नाल्यात कधीही नाही! फ्लोरिडात १९५०च्या दशकात ही हायड्रिला मत्स्यटाक्यांसाठीच नेली गेली, तिथल्या पाण्यात सुटली आणि आज ती तिथली मोठी डोकेदुखी आहे. उलट दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी सुंदर फुलांसाठी आपल्याकडे आणली गेली आणि तिने इथल्या नद्या-तलावांचा श्वास कोंडला.

आता सगळा जीव टाकीत लावलेल्या व्हॅलिस्नेरियात अडकलाय. तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. मादीचं फूल लांब देठावरून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. नरफुलं तळाशी सुटतात, वर येऊन उमलतात आणि तरंगत तरंगत तिच्यापाशी पोहोचतात. फळ धरलं की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून त्याला खाली ओढून घेतो! हे मला टाकीत बघायचंय. पण माझी सगळी रोपं एकाच आईच्या आडव्या धुमाऱ्यांतून फुटलेली, म्हणजे एक तर सगळे नर किंवा सगळ्या माद्या, आणि फुलल्याखेरीज कळायचं नाही. तेव्हा वसई, नालासोपारा, विरार, कुठेही कुणाकडे व्हॅलिस्नेरिया असेल तर दोन रोपं मला द्या. बदल्यात हायड्रिला हवी तेवढी न्या, पिशवी मोठी आणा.