हैदराबादची प्राणिबाग आणि पैनगंगेचा वाघ

राज्यपुनर्रचनेचा जो कायदा 1956 सालीं झाला, त्यांत आमच्या इस्लापूरचा नांवानिशीं उल्लेख आहे, ही गोष्ट फार थोड्या वाचकांस ठाऊक असेल. हैदराबाद राज्याची वांटणी करतांना मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्याकडे दिल्याचें लिहून त्याच कलमांत आदिलाबाद जिल्ह्यांतील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यांतील इस्लापूर सर्कल यांचीहि नोंद केलेली आहे. एवढ्याशा सर्कलची कायद्यानें दखल घ्यावी, याचा आमच्या वडिलांस मोठा अभिमान असे. तेव्हांपासून आम्ही नांदेड जिल्ह्याचे झालों. पण संवयी कांहीं कायद्यानें बदलत नाहींत. आमच्या घरांतील वृद्धांच्या तोंडीं ‘शहरास जाणें’ म्हणजे अजूनहि हैदराबादेस जाणें होय.

म्हणून नाताळच्या सुटींत मुलांस प्राणिसंग्रहालय दाखवावयाचें ठरलें, तेव्हां स्थळाविषयीं फारसा वाद झाला नाहीं. मुंबईची राणीची बाग जुनी, 1862 पासूनची, आणि आतां तेथें पेंग्विन पक्षीहि आहेत. पण मुंबई फार लांब. नागपूरजवळ गोरेवाडा येथें 2021 सालीं मोठें प्राणिउद्यान सुरू झालें आहे; थोरल्या पुतण्यानें त्याचें नांव पुढें केलें. तेवढ्यांत दादांनीं, म्हणजे आमच्या वडील बंधूंनीं, हैदराबाद हा शब्द उच्चारला आणि आईची कळी खुलली. मग इतर नांवांस कोण विचारतो!

खरें पाहतां आईचा आक्षेप स्थळास नव्हता, बेतासच होता. तिचें वय 86. “जनावरें पाहावयास तिकिटें काढून कशाला जातां? नदी ओलांडा, पलीकडे सारें रान पडलें आहे,” असें ती दोन दिवस म्हणत होती, आणि तिचें म्हणणें अगदींच वावगें नव्हतें. आमच्या गांवाजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. तेथें नदीचा अलीकडचा कांठ मराठवाड्याचा आणि पलीकडचा विदर्भाचा. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यांत पैनगंगा अभयारण्य लागतें. पावसाळ्यांत धबधबा पाहावयास लांबलांबून लोक येतात, छायाचित्रें काढतात, भाजलेलीं कणसें खातात, महादेवास नमस्कार करतात आणि दिवेलागणीच्या आंत परततात. रानाकडे कोणी पाहात नाहीं. आम्ही गांवची मंडळी तर त्याहूनहि पाहात नाहीं. जें रोज समोर असतें, त्यास पाहावयास मुद्दाम वेळ काढावा लागतो, आणि तो आम्हांस आजवर मिळालेला नाहीं.

लहानमोठीं मिळून आम्ही अकरा माणसें निघालों. वहिनींनीं दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी एवढी बांधून घेतली होती कीं, डब्यांतील शेजाऱ्यांसहि ती पुरली. रात्रीची गाडी, मुदखेड येईपर्यंत मुलें झोंपलीं. बासरच्या पुलावर गोदावरी लागली, तेव्हां आईनें अंधारांतच हात जोडले आणि खिडकींतून एक नाणें सोडलें. उजाडतांना आम्ही शहरांत पोहोंचलों.

हैदराबादचें नेहरू प्राणिसंग्रहालय बहादूरपुऱ्यास मीर आलम तलावाला लागून आहे. हा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचा. त्याचा बांध सरळ भिंतीसारखा नाहीं. एकवीस अर्धवर्तुळाकार कमानी आडव्या निजवून एकीस एक जोडाव्या, तशी त्याची रचना असून तो अजून उभा आहे. इंजिनियरिंग शिकणाऱ्या आमच्या पुतण्यास वाघसिंहांपेक्षां या बांधाचेंच कौतुक अधिक वाटलें, हें येथें नमूद करून ठेवतों. प्राणिसंग्रहालय 1963 सालीं लोकांस खुलें झालें. क्षेत्र 380 एकर. पिंजऱ्यांच्या जागीं खंदक आणि मोकळीं आवारें ठेवून जनावरांस शक्य तेवढें रानासारखें वातावरण द्यावें, या धोरणानें त्याची आंखणी झालेली आहे. त्यापूर्वीं जनावरें शहराच्या मध्यभागीं ‘बाग-ए-आम’ या उद्यानांत असत. आईनें लहानपणीं वडिलांबरोबर जाऊन तीं पाहिलीं होतीं, आणि त्यांतील एक गोष्ट तिच्या मनांत पक्की बसली होती: एक प्रचंड कांसव.

दारांतून आंत शिरतांच तिनें पहिली चौकशी केली ती त्याचीच. तेथील नोकरानें मोठ्या अदबीनें सांगितलें कीं, गालापागोस बेटांकडील जातीचें तें वृद्ध कांसव 2024 सालीं वारलें. त्याचें वय सुमारें 125 वर्षांचें समजत, आणि बाग-ए-आममधून नव्या जागीं आलेल्यांपैकीं तें एक होतें. आई कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें “माझ्याहून मोठें होतें,” एवढेंच म्हणाली, आणि झाडाखालच्या बांकावर बसली. निजामाचें राज्य, पोलीस अ‍ॅक्शन, भाषावार प्रांत, हें सारें त्या कांसवानें पाहिलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. त्यानें पाला पाहिला आणि पाणी पाहिलें. पण आईच्या लहानपणाचा तो एक साक्षीदार होता खरा.

मुलांचा आनंद मात्र सांगतां पुरवत नाहीं. छोटी आगगाडी बागेंतून फिरते, तींत धाकट्यांनीं दोनदां फेरी केली. जाळीच्या मोटारींतून सिंहांच्या आवारांत नेतात. तेथें सिंह मोकळे आणि माणसें पिंजऱ्यांत, हा उलटा न्याय पाहून सगळीं खूष झालीं. हे आशियाई सिंह, गीरच्या कुळांतले. 2021 च्या मे महिन्यांत येथील आठ सिंहांस करोनाची लागण झाल्याचें वृत्त सर्व वर्तमानपत्रांत आलें होतें. पुढें ते बरे झाले. निशाचर प्राण्यांचें घर तर विशेषच. तेथें दिवसा अंधुक उजेड ठेवून प्राण्यांस रात्र झाल्याचा भास करवितात, आणि रात्रीं दिवे लावून त्यांस निजवितात; त्यामुळें आपल्या भेटीच्या वेळीं तीं जनावरें जागीं असतात. धाकट्या पुतणीनें विचारलें, “त्यांना खरी रात्र कधीं दिसतच नाहीं का?” या प्रश्नावर दादांनीं तिला आइस्क्रीम घेऊन दिलें.

प्रेक्षकांविषयीं न लिहिलेलें बरें, तरी लिहितों. माकडांसमोर उभें राहून माकडांहून अधिक चेष्टा करणारे चांगले शिकलेले गृहस्थ आम्हीं येथें पाहिले. झोंपलेल्या अस्वलास उठविण्यासाठीं शिट्या मारणें, पाटी वाचूनहि शेंगा फेंकणें, हे प्रकार मुलांच्या देखत चालतात. बापाच्या हातांतील शेंग पाहून मूल प्राणिशास्त्र शिकत नाहीं.

दुपारीं आम्ही वाघांकडे गेलों. पांढऱ्या वाघापुढें गर्दी फार. लोकांस ती निराळी जात वाटते. वस्तुतः तो रंगाचा एक आनुवंशिक प्रकार आहे. 1951 सालीं रेवा संस्थानांत पांढऱ्या वाघाचा एक बच्चा पकडण्यांत आला, आणि पुढें प्राणिसंग्रहालयांतून पांढऱ्या वाघांची जी संतति वाढली, ती बव्हंशीं त्याच्याच वंशांतली, जवळच्या नात्यांत संकर करून वाढविलेली. शेजारच्या आवारांत नेहमींच्या रंगाचा वाघ होता. त्याच्याकडे कोणी फारसें पाहात नव्हतें. तो खंदकाच्या कडेनें एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाई, वळे, आणि पुन्हा त्याच पावलांनीं परत येई. गवतांत त्याची पायवाट पडलेली होती.

“हा पैनगंगेचा वाघ आहे का?” असें धाकट्यानें विचारलें. तेव्हां दादांनीं त्यास जी हकीकत सांगितली, ती येथें द्यावयास हवी. यवतमाळ जिल्ह्यांत टिपेश्वर म्हणून अभयारण्य आहे. तेथील एका तरुण नर वाघाच्या गळ्यांत 2019 च्या आरंभीं संशोधकांनीं रेडिओचा पट्टा बांधला. त्याच वर्षीं जून महिन्यांत तो वाघ नवी जागा शोधावयास निघाला. तो आदिलाबादच्या बाजूस गेला, नांदेड आणि हिंगोली जिल्ह्यांतून फिरला, पैनगंगेच्या अभयारण्यांतून गेला, आणि डिसेंबरांत बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. पांच महिन्यांत सुमारें 1300 किलोमीटर! कालवे, रस्ते, कपाशीचीं शेतें, लोहमार्ग, सर्व ओलांडून. आमच्या मुलुखांतून असा प्रवासी गेला, आणि आम्हांस तें वर्तमानपत्रांतून कळलें.

पुतण्यानें ताबडतोब गणित मांडलें. या बागेचें 380 एकर क्षेत्र म्हणजे दीड चौरस किलोमीटरांहून किंचित् अधिक. टिपेश्वर सुमारें 148 चौरस किलोमीटरांचें. म्हणजे अशा शहाण्णव बागा टिपेश्वरांत मावतील. आणि तेवढी जागाहि त्या एका वाघास पुरेना, म्हणून तो निघाला. हा हिशेब ऐकून धाकटा बराच वेळ त्या पायवाटेकडे पाहात राहिला. त्यास काय समजलें तें सांगतां येत नाहीं. पण पांढऱ्या वाघाकडे परत चला, असा हट्ट त्यानें धरला नाहीं.

येथून घरांतील मंडळींत जो वाद सुरू झाला, तो परतीच्या गाडींतहि संपला नाहीं. जनावरें दाखवून मन रमविणें आपल्याकडे नवें नव्हे. सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशीं होता. विष्णुपंत छत्रे यांनीं 1880 सालीं सर्कस काढली आणि मराठी माणसाचें नांव दूरदूर नेलें. दादांनीं तरुणपणीं नांदेडास तंबूंत वाघ कड्यांतून उडी मारतांना पाहिला होता. पुढें 1998 सालीं सरकारनें वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल व माकड यांचे खेळ बंद केले, आणि 2001 सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. वहिनींचें म्हणणें असें कीं, जें कड्याच्या बाबतींत खरें, तेंच खंदकाच्या बाबतींत खरें. आज नाहीं तर उद्यां हेंहि बंद होईल.

आम्हांस हें सर्वस्वीं पटत नाहीं. याच बागेंत पिसोरी नांवाच्या, सशापेक्षां थोड्या मोठ्या, अत्यंत भित्र्या हरणाची पैदास हैदराबादच्या शास्त्रज्ञांच्या मदतीनें 2010 पासून करण्यांत आली, आणि त्यांपैकीं कांहीं 2017 सालीं अमराबादच्या व्याघ्रप्रकल्पांत मोकळीं सोडलीं. जें स्थळ जनावर घेतें आणि रानास परतहि देतें, त्यास केवळ तुरुंग म्हणणें न्यायाचें नाहीं. शिवाय आमच्यासारख्यांचीं मुलें वाघाचा आकार, त्याचा वास, त्याचा घसा साफ केल्यासारखा आवाज दुसरीकडे कोठें अनुभवणार? पण पिसोरीसमोर आम्हीं पांच मिनिटें घालविलीं आणि आगगाडीच्या रांगेंत एक तास, हेंहि खरें आहे.

आईनें मात्र वादांत निराळाच मुद्दा काढला. पोलीस अ‍ॅक्शनच्या आदल्या वर्षीं इस्लापुरांत आमच्या आजोळची दुभती गाय वाघानें नेली. दोन दिवस नदीवर कोणी धुणें नेलें नाहीं. “त्या वाघाला मीं पाहिलें नाहीं, पण तो होता. आज ज्याला पाहिलें, त्याची भीति वाटली नाहीं. मग तो वाघ कसला?” यावर वहिनींनीं तिला उत्तर दिलें, तें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. भीति वाटावयाची कोणास, हा प्रश्न आहे. आमची जमीन आम्ही कसत नाहीं; बटाईनें देतों. रानडुकरें सोयाबीन उकरतात, रोही हरभरा खातात, म्हणून बटाईदाराचा मुलगा रात्र रात्र माळ्यावर जागतो. असल्याच राखणीपायीं कोठें कोठें कुंपणांत विजेची तार सोडतात, आणि तींत डुकराबरोबर वाघहि मरतो, माणूसहि मरतो. सरकार नुकसानभरपाई देतें, पण तिचे कागद करण्यास तालुक्याला खेपा घालाव्या लागतात, आणि मजुरी बुडते ती वेगळीच. “वाघ पाहिजे असें आपण ओसरीवर बसून म्हणतों, त्याच्यासाठीं जागणारा दुसराच असतो,” असें वहिनी म्हणाल्या. दादा गप्प बसले. आईनें मान हालविली. पण ती होकाराची कीं पेंगेची, हें गाडीच्या हेलकाव्यांत कळलें नाहीं.

घरीं आल्यावर दादांनीं दोन गोष्टी केल्या. बटाईदारास बोलावून भरपाईचा अर्ज स्वतः लिहून दिला, आणि तालुक्याची खेप आपण घालूं असें सांगितलें. दुसरी गोष्ट, पुतण्याकडून टिपेश्वरच्या सुन्ना दरवाजाची चौकशी करविली. उन्हाळ्यांत पाणवठे आटले म्हणजे जनावरें दिसण्याचा संभव अधिक असतो. पावसाळ्यांत रान बंद असतें. वाघ दिसेलच असें नाहीं, हें धाकट्यास आधींच बजावून ठेविलें आहे. त्याचें म्हणणें, दिसला नाहीं तरी चालेल, पण तो तेथें असला पाहिजे. सफारीच्या उघड्या गाडींत सहाच माणसें बसतात आणि आम्ही अकरा आहों. आईनें पुढची जागा आतांच मागून घेतली आहे, आणि उरलेल्या पांचांसाठीं घरांत रोज संध्याकाळीं भांडण चाललें आहे.