माघारीची रीत

जुन्या रूढी कवटाळून बसलेल्या संस्था पटले म्हणून बदलतात, यावर माझा फारसा विश्वास नाही. माघार घ्यायची वेळ आली की त्या आधी एखादे निमित्त शोधतात.

1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. अस्पृश्यांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे, एवढेच मागणे. दहाव्या दिवशी ते मान्य झाले. पण ज्यांच्या मनाला हे रुचले नव्हते, त्यांनी मूर्तीतले तेज मंत्रांनी घागरीत काढून घेतले, असे सांगतात. दार उघडले खरे, पण आत देव ठेवला नाही! ऐकून आधी हसू येते, मग संताप. अस्पृश्य म्हणून बाहेरच राहिलेल्या संत चोखोबांच्या समाधीपासून गाभारा हाकेच्या अंतरावर. तेवढे चालायला सहा शतके लागली आणि शेवटी ही घागर आडवी आली. मला त्या घागरीत श्रद्धेपेक्षा भीतीच जास्त दिसते. इतकी वर्षे ज्यांना अडवले, त्यांना अडवायला काही कारणच नव्हते, हे कबूल करावे लागण्याची भीती.

शनिशिंगणापुरात तीच भीती पुन्हा दिसली. नोव्हेंबर 2015 मध्ये बायकांना बंदी असलेल्या शनिदेवाच्या चौथऱ्यावर एक तरुणी चढली, तेव्हा शुद्धीकरण झाले. पुढे जानेवारीत देवस्थानच्या अध्यक्षपदी प्रथमच एक बाई आल्या. चौथरा मात्र बायकांना बंदच. ओरड वाढली तशी विश्वस्तांनी पुरुषांनाही वर जायला मनाई केली. कुणाला वर घेण्यापेक्षा सगळ्यांनाच खाली ठेवायचे, अशी ही समता! उच्च न्यायालयाने 1956 च्या मंदिरप्रवेश कायद्याची आठवण करून दिली, तरी गाव हटेना. मग 8 एप्रिल 2016 चा गुढीपाडवा उजाडला. पाडव्याला देवाला जल घालायची रीत मोडू नये म्हणून पुरुषच बंदी झुगारून वर चढले. आता बायकांना कोणत्या तोंडाने अडवणार? त्याच दिवशी चौथरा सर्वांना खुला झाला. एक रीत राखायला गेलेल्यांच्या हातून दुसरी मोडली.

म्हणून उपोषणे, मोर्चे, खटले फुकट गेले असे नव्हे. त्यांच्यावाचून निमित्त शोधायची पाळीच आली नसती. संस्थेतही माणसेच असतात, चारचौघांत हरणे कुणालाच सोसत नाही. त्यांना माघारीची वाट मिळावी, याला माझी हरकत नाही. मात्र ती सापडेपर्यंत बाहेरच्यांनी ताटकळत राहावे, असे सांगायचा अधिकार आत बसलेल्यांना नाही.