एक व्हिसा, तीन टॉवर

पासपोर्टवर शेंगेनचा स्टिकर बसला की आपण एकदम निवांत होतो. एका स्टिकरवर स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी... सगळं खुलं! आणि एका दिवसात तीन देश करायची हौस असेल, तर बासेलसारखं शहर नाही. सकाळी स्वित्झर्लंडमध्ये नाश्ता, दुपारी जर्मनीत म्युझियम, संध्याकाळी फ्रान्समध्ये कॉफी. तेही चक्क ट्रामने फिरून. फक्त एक लोच्या आहे. तो स्टिकर तुमच्यासाठी असतो, तुमच्या फोनसाठी नाही.

ट्राममध्ये बसा, देश बदला

बासेल आपल्याला माहीत असतं ते दोन कारणांनी. एक, रॉजर फेडरर इथला. दोन, २०१९च्या ऑगस्टमध्ये पी. व्ही. सिंधूने बॅडमिंटनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड जिंकलं ते इथे. फार्मावाल्यांना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या आयटीवाल्यांना तिसरं कारणही ठाऊक असतं. नोव्हार्टिस आणि रोश या दोन्ही कंपन्यांची हेड ऑफिसेस इथे आहेत. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात चार दिवस बासेल’ असं मेल पुण्या-मुंबईच्या एखाद्या इनबॉक्समध्ये अचानक येऊन पडतं, आणि मीटिंगला जोडून वीकएंड कसा काढायचा याचं प्लॅनिंग सुरू होतं.

वीकएंड काढावाच असं शहर आहे. मधून ऱ्हाइन वाहते. नदीवरचा ‘मिटलेरे ब्रुके’ हा आताचा पूल १९०५चा, पण त्या जागी पहिला पूल १२२६मध्येच झाला होता. काठावर लाल दगडाचं मुन्स्टर चर्च, आत इरॅस्मसची कबर. इथली युनिव्हर्सिटी १४६०ची, स्वित्झर्लंडमधली सगळ्यांत जुनी. गल्लीबोळ चढ-उताराचे आणि चालायला झकास.

पण बासेलची खरी गंमत बॉर्डरची. एअरपोर्ट शहराचा, पण उभा फ्रान्सच्या जमिनीवर. बाहेर पडताना एका बाजूने स्वित्झर्लंड, दुसऱ्या बाजूने फ्रान्स, चुकीच्या दाराने गेलात तर भलत्याच देशात! ‘बासेल बाड’ हे रेल्वे स्टेशन स्विस जमिनीवर, पण ते चालवते जर्मन रेल्वे. मेन स्टेशनच्या एका भागातून फ्रान्सच्या गाड्या सुटतात. आठ नंबरची ट्राम डिसेंबर २०१४पासून थेट जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइनला जाते, तर तीन नंबरची डिसेंबर २०१७पासून फ्रान्समधल्या सेंट लुईला. ऱ्हाइनच्या बंदरात धक्क्याच्या टोकाला तीन देशांच्या सीमेचा रॉकेटसारखा खांब आहे. सगळे तिथे फोटो काढतात. सीमा जिथे खरी मिळते तो बिंदू मात्र पुढे नदीच्या पाण्यात आहे.

फोनला बॉर्डर दिसते

आपल्याला या सीमा जाणवत नाहीत. ट्राम थांबत नाही, घड्याळाची वेळ बदलत नाही. फोनला मात्र सगळं कळतं. फोन बिचारा जो टॉवर जोरात बोलतो त्याचं ऐकतो. स्वित्झर्लंडमध्ये स्विसकॉम, सनराइज, सॉल्ट. पलीकडे फ्रान्सचे ऑरेंज, एसएफआर. तिसरीकडे जर्मनीचे टेलिकॉम, व्होडाफोन, ओटू. बॉर्डरजवळच्या कॅफेत तुम्ही खुर्चीवरून हलला नाहीत, तरी ‘वेलकम टु फ्रान्स’चा एसएमएस येऊ शकतो.

आता इथेच पैशाचा प्रश्न येतो. युरोपियन युनियनने १५ जून २०१७पासून आपल्या देशांमधलं रोमिंगचं जादा बिल बंद केलं. नॉर्वे, आइसलंड आणि लिक्टेनस्टाइन युनियनमध्ये नाहीत, पण तेही या सोयीत आहेत. स्वित्झर्लंड नाही! शेंगेनमध्ये तो २००८मध्ये आला, पण युनियनमध्ये नाही आणि रोमिंगच्या या व्यवस्थेतही नाही. म्हणजे तुमच्या व्हिसाचा नकाशा आणि फोनचा नकाशा वेगळा. ‘युरोप’ नावाने विकला जाणारा एखादा स्वस्त प्लॅन फ्रान्स-जर्मनीत पळतो आणि स्वित्झर्लंडमध्ये उतरल्यावर मान टाकतो, त्याचं कारण हे.

उलटंही होतं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने स्वस्त पडला म्हणून फक्त स्वित्झर्लंडचा ई-सिम घेतला होता. आठ नंबरच्या ट्राममध्ये बसेपर्यंत साहेब खूश. आम्ही निघालो होतो व्हिट्रा डिझाइन म्युझियमला. फ्रँक गेरीने डिझाइन केलेली ही पांढरीशुभ्र, वाकडीतिकडी इमारत १९८९ची. शिवाय त्याच कॅम्पसमध्ये झाहा हदीदचं फायर स्टेशन. आर्किटेक्चर कळत नसलं तरी बघत राहावं असं प्रकरण. वाइलला उतरलो आणि गड्याचा मॅप जागच्या जागी गोठला. इतरांचे फोन होते म्हणून पोहोचलो. एकटा असता तर? तिकीट फोनमध्ये, पत्ता फोनमध्ये, हॉटेलचं बुकिंग फोनमध्ये... आणि तो उभा परक्या देशात, खिशात फ्रँक घेऊन, जिथे दुकानदार युरो मागतोय.

तेव्हा पहिला फंडा: जीबी नंतर बघा, देशांची यादी आधी बघा. प्लॅनच्या नावावर जाऊ नका, यादी उघडून स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी ही तिन्ही नावं बोट ठेवून वाचा. फ्रँकफर्टहून ट्रेनने येणार असाल किंवा परतताना मिलानला जाणार असाल, तर तेही देश त्यात हवेत.

कोणी काय घ्यावं?

दोन-तीन दिवसांची ऑफिस ट्रिप असेल आणि भारतातून कॉल येत राहणार असतील, तर आपल्याच कंपनीचा इंटरनॅशनल रोमिंग पॅक सोयीचा. नंबर तोच, सेटिंगची डोकेफोड नाही. फक्त देशांची यादी इथेही तपासायची.

आठ-दहा दिवस फिरायचं असेल आणि डेटा भरपूर लागणार असेल, तर तिन्ही देशांचा ई-सिम बहुतेक वेळा फायद्याचा. सहा महिन्यांच्या असाइनमेंटवर जाणाऱ्याने तिथलं लोकल सिम घ्यावं. पण तेव्हाही आठवण ठेवा, स्विस सिम घेऊन वाइलच्या मॉलमध्ये गेलात की तुम्ही रोमिंगमध्ये! (आणि तुम्ही जाणारच. जर्मनीत सामान स्वस्त म्हणून खुद्द स्विस मंडळी पिशव्या घेऊन त्याच ट्रामने जातात.)

किती जीबी? मॅप, मेल आणि चॅटिंगला डेटा कमी लागतो. खाऊन टाकतात ते व्हिडिओ. एचडी व्हिडिओ तासाला १ ते ३ जीबी सहज फस्त करतो. रील्स हॉटेलच्या वायफायवर बघायच्या असं ठरवलंत तर छोटा प्लॅनही आठवडाभर पुरतो. ‘अनलिमिटेड’ या शब्दाला भुलू नका. रोजची एक मर्यादा संपली की स्पीड पार खाली येतो, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लॅपटॉपवर काम करणार असाल, तर हॉटस्पॉट चालतो का हेही त्याच बारीक अक्षरांत शोधा.

दिवस कधीपासून मोजतात तेही बघा. काही प्लॅन इन्स्टॉल केल्या क्षणापासून सुरू होतात, काही तिथल्या टॉवरला पहिल्यांदा जोडले गेल्यावर. पहिल्या प्रकारचा प्लॅन चार दिवस आधी उत्साहाने टाकलात, तर चार दिवस घरीच गेले.

आणखी एक. परदेशी सिम किंवा ई-सिम भारतात विकायला दूरसंचार खात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. जानेवारी २०२४मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन लोकप्रिय अ‍ॅप्स भारतातल्या अ‍ॅप स्टोअर्सवरून काढली गेली होती, ती या भानगडीतच. म्हणून परवानगी असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. त्याने पासपोर्ट-व्हिसाची कॉपी मागितली तर वैतागू नका, त्याचं ते कामच आहे.

ओटीपीचं काय?

प्रवासाचे बहुतेक ई-सिम फक्त डेटाचे असतात. त्यांना फोन नंबर नसतो. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर मस्त चालतं, पण बँकेचा ओटीपी येतो भारतातल्या सिमवर. ते सिम काढून पाकिटात ठेवलंत, तर डेटा फुल आणि पेमेंट गुल! अनेक ठिकाणचं फुकट वायफायसुद्धा आधी मोबाइलवर कोड पाठवतं.

उपाय सोपा आहे. आपलं सिम फोनमध्येच राहू द्या. त्याचं इंटरनॅशनल रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करा, कारण काही कंपन्यांकडे ते आधी मागून घ्यावं लागतं. मग सेटिंगमध्ये आपल्या सिमचं डेटा रोमिंग बंद आणि ई-सिमचं डेटा रोमिंग चालू. हो, चालू! ई-सिम स्वतःही तिथे पाहुणाच असतो. हे बटण बंद राहिलं म्हणून ‘नेटच नाही’ अशी बोंब मारणारे एअरपोर्टवर भरपूर भेटतात. एका सिमचा डेटा कमी पडला तर दुसऱ्याचा आपोआप वापरायची सोय असते, तीही बंद ठेवा. रोमिंगमध्ये एसएमएस घ्यायला सहसा पैसे पडत नाहीत, कॉल उचलायला मात्र पडतात. पॅक नसेल तर क्रेडिट कार्ड विकणाऱ्याशी ऱ्हाइनच्या काठावरून गप्पा मारू नका.

जिथे नेट लागत नाही

एवढं सगळं केल्यावर बासेलमध्ये एक गोष्ट जरूर करा. फेरीत बसा. मुन्स्टरच्या खाली लाकडी होडी लागते. तिला इंजिन नाही. नदीवर आडवी तार ताणलेली, होडी तिला दोराने बांधलेली आणि पाण्याचा जोर तिला पलीकडे नेतो. नावाडी फक्त कोन बदलतो. अशा चार फेऱ्या शहरात आहेत. उन्हाळ्यात तर लोक ऑफिस सुटलं की कपडे आणि फोन ‘विकेलफिश’ नावाच्या माशाच्या आकाराच्या वॉटरप्रूफ पिशवीत कोंबतात आणि सरळ नदीत उतरतात. पोहत, तरंगत घराच्या दिशेने! फोन पिशवीत बंद. नेटवर्क कुठल्या देशाचं, कोणाला पडलीय?

फोनची चिंता आधीच मिटलेली असेल तरच तो असा पिशवीत टाकता येतो.

निघण्यापूर्वी पाच मिनिटं

• *#०६# डायल करा. ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. फोन एखाद्या कंपनीला लॉक केलेला नाही ना, तेही बघा.

• इन्स्टॉल घरच्या वायफायवर करा. क्यूआर कोड त्याच फोनच्या स्क्रीनवर असेल तर स्कॅन कशाने करणार? दुसऱ्या स्क्रीनवर उघडा किंवा प्रिंट काढा.

• ट्रिप संपेपर्यंत ई-सिम डिलीट करू नका. बरेच कोड एकदाच चालतात.

• बासेल आणि आजूबाजूचा मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहा.

• हॉटेलात चेक-इन करताना बासेलकार्ड मागून घ्या. शहरातली ट्राम आणि बस त्यावर फुकट.

• बॉर्डरजवळ फोन सारखा उड्या मारत असेल, तर नेटवर्क ‘ऑटोमॅटिक’वरून काढून हाताने निवडा.

व्हिसाला तीन आठवडे धावपळ केलीत ना? मग फोनच्या व्हिसाला ही पाच मिनिटं द्या. आणि मग आठ नंबरची ट्राम पकडा. बॉर्डर कधी गेली, कळणारसुद्धा नाही!