पाच खणांची ओसरी

आमच्या घरात खोली कुणी फुटांत मोजत नसे. ओसरी पाच खणी, माजघर तीन खणी, चूल दोन खणांत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि आमच्याकडे तो साडेपाच फुटांच्या आसपास भरायचा. मला आकडे येण्याआधी खण मोजता येत होते. आजोबांचं बोट धरून मी एकेका खांबाला हात लावत ओसरीच्या टोकापर्यंत जायचो.

नारायण पेठेतला तो वाडा एकाच वेळी बांधलेला नव्हता. आजोबा म्हणायचे, आधी नुसता पुढचा सोपा होता, मागचं चौकाभोवती हळूहळू जमत गेलं. ते खांबांवरूनही कळायचं. पुढचे सुरूदार, वर केळफूल कोरलेले. मागचे नुसते चौकोनी, रंधा मारलेले. सुरूचे खांब खरे बघायचे तर विश्रामबागवाड्यात, असं म्हणून त्यांनी एका रविवारी मला तिथं नेलं होतं. दुसऱ्या बाजीरावानं १८०७मध्ये बांधलेल्या त्या वाड्याच्या दर्शनी भागाखाली आम्ही मान वर करून किती तरी वेळ उभे होतो. घरी आल्यावर आमचे खांब मला बुटके वाटले. तसं मी बोललोही. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी खांबावर बोटाची पेरं आपटली आणि म्हणाले, ‘‘ऐक. पोकळ वाजतो का?’’

१२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आम्ही पर्वतीकडे पळालो. परत आलो तर चौकात गुडघाभर गाळ आणि नदीकडची मागची भिंत नाहीशी. कच्च्या विटांची भिंत, वरचा गिलावा सुटल्यावर आतली माती विरघळून गेली होती. माडी मात्र जागच्या जागी. खाली भिंत नाही आणि वर आजीचं देवघर शाबूत, हे दृश्य मला आजही दिसतं.

त्या दिवशी आजोबांनी मला वाडा उभा कसा राहतो ते दाखवलं. खांब जमिनीत पुरलेला नव्हता. गाळ खरवडल्यावर खाली दगडी तळखडा निघाला. त्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कडीपाट. ओझं सगळं लाकडावर, भिंत फक्त मधली जागा भरायला. पुढे कॉलेजात असताना शनिवारवाड्याच्या जोत्यांवरून फिरताना मला हे फार आठवायचं. १८२८च्या आगीत तिथलं लाकूड गेलं आणि दगड राहिला. आमच्याकडे माती गेली, लाकूड राहिलं, म्हणून घर राहिलं.

मागची भिंत मग पक्क्या विटांची, नऊ इंची झाली. जुनी दोन हात रुंद होती, तिच्या पोटात कोनाडे होते, फडताळ होतं. नव्या भिंतीत कोनाडा मावेना. आजी संध्याकाळी दिवा घेऊन त्या भिंतीपाशी जायची आणि क्षणभर थांबायची. शेवटी काकांनी खिळे ठोकून एक फळी बसवली.

ओसरीचं रूप त्याच्या आधीच पालटलं होतं. शहरात माणसं वाढली, तसे तिचे दोन खण फळ्यांनी आडवून तिथं बिऱ्हाड ठेवलं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. आमच्याकडे महिना अकरा रुपये यायचे ते माझं लग्न झालं तरी अकराच. त्यात कौलं शाकारून होत नसत. भाडेकरूंचा दोष नव्हता. त्यांची मुलं आणि मी एकाच चौकात वाढलो, त्यांच्या घरच्या बाळंतिणीला आमच्या माजघरातली अंधारी खोली दिलेली मला आठवते. पण पाणी कडीपाटात मुरत गेलं, आणि वडील खांबावर पेरं आपटायचे तेव्हा चेहरा बघूनच आवाज कळायचा.

२००४मध्ये वाडा उतरवला. पाडला म्हणत नाहीत, उतरवला म्हणतात, आणि ते बरोबर आहे. आधी कौलं, मग वासे, मग पाट, मग तुळया. बांधताना जे शेवटी आलं ते आधी निघालं. मी रोज जाऊन बसायचो. खांब आडवे ठेवले तेव्हा माथ्यावरची कुसवं पहिल्यांदा दिसली. त्यांवर पटाशीनं मारलेल्या रेघा होत्या: एक, दोन, तीन. कुठला खांब कुठं, याची सुतारानं केलेली खूण. मागच्या एका चौकोनी खांबाला मात्र मधोमध एक भोक होतं, ज्यात आमच्या घरातलं काहीच बसत नव्हतं. मिस्त्री म्हणाला, ‘‘हा आधीच कुठंतरी उभा होता, काका. दुसऱ्या घराचा आहे.’’ आजोबांना हे माहीत नसावं. असतं तर त्यांनी सांगितल्याशिवाय सोडलं नसतं.

एक तळखडा मी ठेवून घेतला. त्याच जागेवरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझ्या गॅलरीत तो आहे, वर तुळशीची कुंडी. लाकूड व्यापाऱ्याकडे गेलं. महिन्याभरानं तिकडे गेलो तर आमचे सुरूदार खांब टेम्पोत चढवत होते. मुळशीकडे कुणी फार्महाऊस बांधतंय, तिथं चालले म्हणाले. मी चढून प्रत्येकावर पेरं आपटून पाहिली. पाचही भरीव वाजले. ते किती खणांवर उभे करणार, हे विचारायचं मात्र राहून गेलं.